नावावरून नावावर

माझा धंदा वेबसाइटी बनवण्याचा. लातुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर खोली आहे, तिथं मी आणि दोन संगणक बसतो. शिकवण्या, दवाखाने, औशाची एक आडत, मुरुडचं एक मंगल कार्यालय, अशी सगळी कामं. गिऱ्हाईक येतं, खुर्चीत रेलतं आणि म्हणतं, "जरा भारी दिसली पाहिजे बघा." मग मी भारी दिसेल असं करून देतो. आतला सांगाडा कसा आहे हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि टाळ्या कीर्तनालाच मिळतात.

सांगाडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं. वेबपान रचताना प्रत्येक भागाला त्याच्या कामाचं नाव देता येतं. मथळ्याला आतून मथळा म्हणायचं, मेन्यूला मेन्यू, मुख्य मजकुराला मुख्य मजकूर, सुट्या लेखाला लेख. ही नावं पडद्यावर दिसत नाहीत. ती न देता सगळं 'डिव्ह' नावाच्या एकाच साध्या डब्यात भरलं आणि मथळ्याची अक्षरं नुसती मोठी नि जाड केली, तरी बघणाऱ्याला तो मथळाच वाटतो. मी कायम तसंच करत आलो. बरोबर काय ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शिकताना ते पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. माहीत होतं, पण घाई असायची, आणि खरं सांगायचं तर आळस होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बिलोलीच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आई आणि ते नांदेडला राहायला आले. तिथं काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली. आधी बाजूचं दिसेना. मग वर्तमानपत्रातले मोठे मथळे तेवढे दिसायचे. मग तेही गेले. ज्या माणसानं जन्मभर वह्या तपासल्या त्याच्या हातात एक दिवस नुसता कागद उरला. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, अण्णा तर नाहीच.

पुढच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी राहायचे, त्यांचीही दृष्टी गेलेली. त्यांनी अण्णांना फोन ऐकायला शिकवलं. पडद्यावर बोट सरकवलं की त्या जागी जे असेल ते फोन बाईच्या आवाजात बोलून दाखवतो. अण्णा त्या आवाजाला 'बाई' म्हणायचे. "बाई आज लई घाईत हाय," म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ऐकवायची, "पन्नास वर्षांत माझं इतकं कान देऊन कधी ऐकलं न्हाई, अन् त्या बाईचं दिवसभर ऐकून राहिलेत." अण्णा खूश व्हायचे. पुष्कळ दिवसांनी त्यांना कुणाच्या आधाराशिवाय बातम्या कळू लागल्या होत्या.

त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत आली तसे त्यांचे जुने विद्यार्थी कामाला लागले. आपल्याकडं मास्तरांची पंच्याहत्तरी म्हणजे शाल, श्रीफळ आणि गौरव अंक. अंकात विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आठवणी असतात. मास्तर त्या उरलेल्या आयुष्यात पुन्हा पुन्हा वाचतात. पण इथं मास्तरांना दिसत नव्हतं. तेव्हा एकानं मला फोन केला. "छापून काय उपयोग? सरांना ऐकता येईल असं काहीतरी करा. तुमचा तर धंदाच हाय." मला फार बरं वाटलं. वडिलांच्या उपयोगी पडायची संधी मला तशी कधी आलीच नव्हती. ते मराठीचे मास्तर आणि मी शुद्धलेखनात कच्चा. आमचं बोलणं तब्येत, पाऊस आणि एसटीच्या वेळा यापलीकडं क्वचित जायचं.

मी तीन दिवसांत साइट उभी केली. इतक्या लवकर झाली, कारण मुरुडच्या मंगल कार्यालयाची साइट तयार होती. तिचाच सांगाडा उचलला. जिथं 'आमच्या सुविधा' होत्या तिथं आठवणी आल्या, जिथं हॉलचे फोटो सरकायचे तिथं शाळेचे फोटो सरकू लागले. वरचा नऊ दुव्यांचा मेन्यू तसाच राहिला. लिहिणाऱ्याचं नाव मोठ्या केशरी अक्षरांत, खाली आठवण, मध्ये नक्षीची रेघ. फोन काय, लिहिलेलं सगळं वाचतोच, मग वेगळं काय करायचं, असं मी धरून चाललो. अण्णांना ऐकण्यासाठी म्हणून जे करायचं होतं, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी तपासलं. एकदाही कानांनी नाही.

आठवणी एका फॉर्मवरून यायच्या. मी मंजूर केली की ती पानावर शेवटी जाऊन बसायची. सुरुवातीच्या दहापंधरा मी नीट वाचल्या. पुढं कंटाळा आला. सगळ्यांची सुरुवात 'आदरणीय सर, सादर प्रणाम', मग सरांनी कविता कशी शिकवली, सरांनी छडी कशी दिली, सरांमुळं मी आज अमुक झालो. पहिल्या दोन ओळी बघायच्या आणि मंजूर करायचं, असं मी करू लागलो. दीडशेच्या आसपास आठवणी झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी वाचलेल्या नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

समारंभ नांदेडला एका छोट्या सभागृहात झाला. अण्णांच्या हातात फोन दिला, माईक जवळ धरला आणि त्यांनी पडद्याला बोट लावलं. बाई बोलू लागली. "मुख्यपृष्ठ, लिंक. आमच्याविषयी, लिंक. छायाचित्रे, लिंक." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. अण्णाही हसले. मी मागं उभा राहून फोटो काढत होतो आणि मनात म्हणत होतो, जमलं.

पुढच्या महिन्यात मी नांदेडला गेलो. सकाळी आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. अण्णा ताटली मांडीवर घेऊन बसले होते, पण खात नव्हते.

"अरे, ते तुझं पान," ते म्हणाले, "त्यात कुठं काय सुरू होतं अन् कुठं संपतं काही कळत न्हाई. एकाची आठवण संपून दुसऱ्याची कधी लागली ते निम्मं ऐकल्यावर ध्यानात येतं. फोटो आला की बाई नुसते आकडे म्हणत बसते. मधी कुणाचा फोन आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुख्यपृष्ठ लिंक, आमच्याविषयी लिंक."

"सवय होईल, अण्णा."

"सवयीचं न्हाई. धड्याचं नाव न सांगता कुणी धडा वाचतं का? बातम्यांच्या पानावर मी एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारतो. बोट असं खाली नेलं की बाई फक्त मथळे सांगते. तुझ्या पानावर ती म्हणते, मथळे न्हाईत. नावावरून नावावर जाता आलं पाहिजे मला."

ते म्हणत होते ते अगदी बरोबर होतं. माझ्या धंद्यातली चूक ज्याला पडदा दिसत नाही अशा माणसानं मला बोट ठेवून दाखवली होती. मला त्याचाच राग आला. मी म्हणालो, "तुम्हाला सगळ्याच ऐकायच्यात ना? मग ओळीनं ऐका की. घाई कशाची हाय?"

मलाच वाईट वाटलं, म्हणून मी पुढं म्हणालो, "कुणाची पाहिजे सांगा, मी वाचून दाखवतो."

"कुणाची असं न्हाई," ते म्हणाले आणि ताटलीतलं चाचपून एक घास घेतला. "जमलं तर कर. फुरसतीनं."

मी करतो म्हणालो. दुपारच्या गाडीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला आलो आणि विसरलो. पूर्ण विसरलो असंही नाही. काम आठवायचं, पण ते घरचं होतं, आणि घरच्या कामाला कुणी तारीख देत नाही. फोनवर अण्णांनी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आधी इकडचं तिकडचं बोलून, शेवटी, फोन ठेवता ठेवता. "अन् ते नावांचं झालं का रे?" मी म्हणायचो, "या आठवड्यात बघतो." एकदा तर मी चिडून म्हणालो, "अण्णा, मला दुसरी कामं हायत." ते म्हणाले, "हाव, हाव, तुझं चालू दे." हे 'हाव, हाव' मला अजून ऐकू येतं.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात सहा दिवस होते. चौथ्या दिवशी मी उशाशी बसलेलो असताना त्यांनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. मला वाटलं पाणी हवंय. ते म्हणाले, "झालं का?" मी म्हणालो, "घरी गेलो की पहिलं तेच करतो." त्यांनी मान हलवली. नंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आई अण्णांचा फोन हातात घेऊन बसली होती. तिला साधा, बटणांचा फोनच वापरता येतो. हा तिला चालूही करता येत नव्हता.

"त्या पोरीचं काही आलं होतं का रे ह्यात?" तिनं विचारलं.

"कुठल्या पोरीचं?"

मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. अण्णांच्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती, जवळच्या खेड्यातून चालत येणारी. पूर्वपरीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. अण्णांनी भरल्या वर्गात तिला उभं केलं, तिचा पेपर फाडला आणि बापाला घेऊन ये म्हणाले. ती काहीतरी सांगत होती, ते त्यांनी सांगू दिलं नाही. ती घरी गेली ती परत आलीच नाही. बोर्डाच्या परीक्षेलाही नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. चिठ्ठी अण्णांनी जपून ठेवली होती. त्याच उन्हाळ्यात एका मुलाची जुनी वही हातात आली, आणि अक्षर जुळलं. चिठ्ठी त्या मुलाची होती.

"घरी येऊन नुसते बसले," आई म्हणाली. "जेवले न्हाईत. त्यानंतर कितीदा मला म्हणले, ती पोरगी कुठं असंल. तुम्ही ते पान केलं ना, तवापासून रोज दुपारी ऐकत बसायचे. सगळे लिहितेत, तिनं बी लिहिलं असंल का, म्हणायचे. पोराला सांगू नको म्हणले. त्याच्या नजरंतून उतरंन मी."

एवढ्या दीडशे कौतुकांत अण्णांना एकच नाव हवं होतं, आणि ते मला सांगायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून त्यांना नावावरून नावावर जायचं होतं. म्हणून मी वाचून दाखवतो म्हटल्यावर त्यांनी ते टाळलं. मी आपला त्यांना ओळीनं ऐकायला सांगून मोकळा झालो होतो. मला माझीच इतकी चीड आली की आईसमोरून उठून अंगणात जाऊन उभा राहिलो.

लातूरला परतल्यावर पहिलं काम ते केलं. सगळ्या आठवणी एकाच साच्यातून येतात. साच्यात एका जागी बदललं की दीडशे ठिकाणी बदलतं. नावांना मथळा केलं. प्रत्येक आठवणीला स्वतंत्र लेख केलं. मेन्यूला मेन्यू म्हटलं, म्हणजे तो ओलांडून थेट मजकुरावर जाता येईल. फोटोंना साध्या शब्दांत वर्णन दिलं. खालून मागवलेला चहा गार व्हायच्या आत सगळं झालं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. पाच महिने ज्याला 'या आठवड्यात बघतो' म्हणत होतो ते काम पाव तासाचंही नव्हतं.

मग अण्णांचा फोन घेतला, डोळे मिटले आणि त्यांच्यासारखं बोट वरून खाली नेलं. बाई म्हणाली, एक नाव, मथळा. पुन्हा बोट, दुसरं नाव, मथळा. नावांमागून नावं, मध्ये काहीच नाही. आईनं सांगितलेलं नाव डोक्यात धरून मी ऐकत होतो. शंभराच्या पुढं ते आलं. आधी सासरचं आडनाव आणि मग 'माहेरचं' म्हणून जुनं. मी डोळे उघडले आणि वाचलं.

"आदरणीय सर, सादर प्रणाम. मी तुम्हाला आठवते की नाही माहीत नाही. पूर्वपरीक्षेत बाकाखाली चिठ्ठी सापडली होती ती मी. चिठ्ठी माझी नव्हती. त्या दिवशी सांगता आलं नाही म्हणून आता लिहिते. मोठी मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. मराठीत अडुसष्ट पडले. तुम्ही शिकवलेलाच निबंध आला होता. आता मी अंगणवाडी चालवते. खूप वर्षं तुमचा राग होता. आता तेवढा नाही. वाचलं तर कळवा."

हे पत्र समारंभानंतर आठच दिवसांनी आलं होतं. मंजूर मीच केलं होतं, पहिल्या दोन ओळी बघून. अण्णा रोज दुपारी त्याच पानावर बोट सरकवत बसले होते आणि पत्र तिथंच, खाली होतं. ते तिथवर कधी पोचले नाहीत. मी खूप रडलो. खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन विचारलं, काय झालं. वडिलांची आठवण आली म्हणालो. त्याला ते पुरेसं वाटलं.

फॉर्मवर तिचा नंबर होता. तो लावायला मला आठवडा लागला. देगलूरकडच्या एका खेड्यात ती असते. सरांचा मुलगा बोलतोय म्हटल्यावर ती एकदम मोकळी झाली.

"बोला की भाऊ. सर गेले ते कळलं मला. ग्रुपवर आलं होतं. लई वाईट वाटलं." मग तिनं विचारलं, "सरांनी माझं वाचलं होतं काय वो?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं. येताजाता चार वेळा घोकलं होतं, हो ताई, वाचलं, फार समाधान झालं त्यांना. पण तिनं इतक्या सरळ विचारलं की ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "न्हाई ताई. वाचायचं राहिलं. त्यांना दिसत नव्हतं, फोनवर ऐकायचे, अन् पान मी नीट रचलं नव्हतं. तुमचं नाव त्यांना सापडलंच न्हाई. शोधत होते. चूक माझी हाय."

"शोधत होते?"

"हाव. तुमचंच."

मग ती म्हणाली, "म्हणजे शेवटपर्यंत त्यांना वाटलं असंल, की चिठ्ठी माझीच."

निदान एवढं तरी चांगलं तिला देता येतंय, या भरात मी घाईघाईनं म्हणालो, "न्हाई न्हाई. त्यांना माहीत होतं. दुसऱ्या मुलाची होती. अक्षर जुळलं होतं."

"कधी कळलं त्यांना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलून बसलो ते. पण आता मागं घेता येत नव्हतं. "त्याच उन्हाळ्यात," मी म्हणालो.

"लग्नाच्या आधी?"

"ते मला माहीत न्हाई, ताई."

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. अगदी साध्या आवाजात, हिशोब जुळत नसला की विचारावं, तसं तिनं विचारलं.

"वर्गातलं कुणी चार दिवस आलं न्हाई तर सर सायकल घेऊन त्याच्या घरी जायचे, भाऊ. आमच्या गावात दोनदा आले होते, दुसऱ्यांकडं. आमचं घर त्यांना ठाऊक होतं. मग माझ्याकडं कामून आले न्हाईत?"

मी आठवडाभर स्वतःला शिव्या देत होतो, त्या मथळ्यांवरून, त्या पाव तासावरून. हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. अण्णांच्या हाती पाच महिने नव्हते, तीस वर्षं होती. त्यातली कितीतरी वर्षं नजर शाबूत होती, पाय धड होते, आणि घर माहीत होतं.

"लाज वाटली असंल त्यांना," मी म्हणालो.

"लाज तर भरल्या वर्गात माझी गेली होती," ती म्हणाली. "त्यांना कशाची वाटली?"

मी तिची माफी मागितली. अण्णांच्या वतीनं मागायचा मला काय अधिकार, पण मागितली. तिनं ती दिली नाही, नाकारलीही नाही. पत्र पानावरून काढून टाकू का, असं मी विचारलं, तर राहू द्या म्हणाली. तिच्या मागं लहान पोरं गलका करत होती. पोरांच्या जेवणाची वेळ झाली, असं सांगून तिनं फोन ठेवला.